घोडीला लावलेला शेंदूर

मित्रांनो, घोडी म्हटल्यावर लगेच मागे सरू नका. मला शेपूट नाही, मी लाथ मारत नाही, आणि गवत तर मी खातच नाही. उलट गवतात पडून राहिले तर वाळवीच मला खाते. मी लाकडाची घोडी आहे. तारेचं भलंमोठं रीळ पाठीवर घेऊन उभं राहायचं आणि तार हवी तेवढीच सोडायची, हे माझं काम. धडगावच्या चौकीमागच्या पडवीत तुम्ही जिच्यावर दप्तरं टांगता, लपंडावात जिच्या पोटाखाली दडता, ती मीच. तुम्हाला वाटलं असेल, कुणाचा तरी मोडका पाळणा आहे.

इतकी वर्षं मी गप्प होते. लाकडानं बोलू नये म्हणतात, आणि ते बरंच आहे. नाहीतर उंबरठ्यांनी घराघरांत भांडणं लावली असती. पण आज बोलते. आज बोलले नाही तर उशीर होईल.

आधी जन्माचं सांगते.

नंदुरबारला वाहिद मिस्तरी म्हणून सुतार होते. ते पाळणे करत, पाट करत. पण त्यांचं नाव होतं ते रेहलीसाठी. रेहल म्हणजे कुराणशरीफ ठेवून वाचायची लाकडी बैठक. ती एकाच फळीतून कापतात. दोन पानं बोटांत बोटं गुंतवल्यासारखी एकमेकांत अडकलेली असतात. उघडली की उभी राहते, मिटली की सपाट होऊन कोनाड्यात बसते.

एके दिवशी त्यांच्या दारात सुकलाल मुकादम आला. तो तापीकाठच्या शेतकरी घरातला, अंगानं आडवा, आवाजानं उभा. तळोद्याहून घाट चढून धडगावपर्यंत टेलिफोनची तार ओढायची होती, आणि ते काम त्यानं अंगावर घेतलं होतं. पण तार काही त्याचं ऐकेना. वेटोळं जमिनीवर ठेवून ओढलं की तारेला पीळ पडायचा, आणि पीळ पडला की तार नेमकी तिथेच तुटायची. रीळ फिरवायला एक लाकडी सांगाडा होता, पण तो गाडीवरून पायथ्यापर्यंत जायचा आणि तिथेच बसायचा. वर गाडी जात नव्हती.

"मिस्तरी, मले असं काही करी द्या," सुकलाल म्हणाला, "का मानूसना खांदावर चढी जाई, आनि वर गई का डोंगरना मायक उभं ऱ्हाई."

"खांदावर हलकं आनि वर जाईसन जड?" मिस्तरी हसले. "भाऊ, अशी ते फक्त सासू ऱ्हास."

पण रात्रंदिवस तेच त्यांच्या डोक्यात. जमिनीवर कोळशानं रेघा ओढायच्या, पुसायच्या. खिळे ठोकून केलेला एक नमुना पहिल्याच वजनाला फाटला. नईमाबी, म्हणजे त्यांची बायको, वाचन संपवून उठली, रेहल मिटली आणि त्यांच्या रेघांवरून ओलांडताना सहज म्हणाली, "अजी, इसमें कील कहाँ है?"

मिस्तरी त्या रेहलीकडे बघतच राहिले. मग मान हलवून म्हणाले, ही पाक चीज. हिच्या नमुन्यावर लोखंडाची तार कशी ठेवायची?

"तार पर भी तो लफ्ज ही जाएँगे," नईमाबी म्हणाली आणि चुलीकडे गेली.

अशी मी झाले. सातपुड्याच्या पायथ्याचं अंजनाचं लाकूड, जे कुऱ्हाडीची धार परत पाठवतं. त्याच्या दोन फळ्या फुलीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या. अशा दोन फुल्या समोरासमोर. आणि त्यांना जोडायला खाली दोन आडव्या पट्ट्या, खाचेत घट्ट बसणाऱ्या. रिळातून गेलेला लोखंडी आस फुल्यांच्या बेचक्यांत टेकायचा. कुठे खिळा नाही. सोडली की मी फळ्यांचा भारा. जुळवली की चार पायांवर उभी. शिवाय रिळाच्या कडेला टेकणारी बाभळीची एक दाबपट्टी. तिच्यावर जोर दिला की रीळ सावकाश फिरायचं, आणखी दिला की थांबायचं. घोडी म्हटली की लगाम हवाच.

सुकलालनं मला जुळवून माझ्यावर स्वतः बसून बघितलं. मी हूं की चूं केलं नाही. "सासूच शे!" तो म्हणाला. तरण्या वयात एवढी स्तुती झाली की कुणाचंही डोकं फिरेल; माझं फिरलं नाही, कारण मला डोकं नाही.

पावसाळा संपता संपता आम्ही घाट चढू लागलो. टोळीत पंधरावीस माणसं. त्यातली तीन तुम्ही लक्षात ठेवा. एक वाहिद मिस्तरी, जे माझी देखभाल करायला बरोबर आले होते. दुसरी गजराबाई. ती सुकलालच्या गावची, नवरा गेलेली, टोळीचा स्वयंपाक करणारी. तिची जीभ तिखट होती आणि भाजी त्याहून. तिसरा चैत्या, वरच्या पाड्यावरचा पावरा जमातीचा गडी. दरी आली की तारेचं टोक कमरेला बांधून कडा उतरायचा, तळाचा ओढा ओलांडायचा आणि समोरचा कडा चढायचा, हे त्याचं काम. हात मोकळे हवेत, म्हणून टोक कमरेला. खाली पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नसे, म्हणून खुणा तारेवर. एक हिसका म्हणजे सोडा. दोन म्हणजे थांबा.

आता विचार करा. तो दिसत नाही. तो ऐकू येत नाही. त्याच्या आणि वरच्या माणसांच्या मध्ये एक तार, आणि त्या तारेला धरून ठेवणारी मी. लहान दऱ्यांत हे ठीक चाललं. पण पुढे मोठी दरी होती. तिच्या काठावर येऊन टोळी थांबली. खालून थंड वारा वर येत होता, आणि ऊन डोक्यावर असूनही तळ काळाच दिसत होता. गिधाडं आमच्या पायांच्या खाली फिरत होती. पक्ष्यांची पाठ दिसणं काही चांगलं नसतं, असं गजराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. म्हणून काम बंद ठेवलं. माझा आस थोडा वाकला होता, तो लोहाराकडून सरळ करून आणायला मिस्तरी तळोद्याला उतरले. इकडे टोळीनं पहारी, कुदळी, पक्कडी धुऊन मांडल्या आणि त्यांची पूजा केली. मग गजराबाई माझ्याकडे आली. तिनं वाटीत शेंदूर घेतला, त्यात तिळाचं तेल ओतलं, चांगलं हात सैल सोडून ओतलं, आणि मला माखायला बसली.

"हिच्याच भरोशावर चैत्या खाले जास," ती स्वतःशी बोलत होती. "हिले काही कमी नको पडाले."

तिनं माझे पाय माखले. खाचा भरल्या. फुल्यांचे सांधे बोटानं दाबून दाबून भरले, जिथे जोर येतो तिथे जास्त. आणि शेवटी दाबपट्टीला, माझ्या लगामाला, तिनं सगळ्यात जाड थर दिला. आपट्याची पानं वाहिली. हात जोडले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठांवर दुसऱ्याचं नाव नव्हतं, चैत्याचंच होतं.

मित्रांनो, एवढ्या मायेनं मला आजवर कोणी हात लावलेला नाही. आणि तिच्या बोटांबरोबर ते तेल माझ्या सांध्यांत झिरपत होतं. मी सगळी उभी होते ती लाकडाला लाकूड घट्ट धरतं एवढ्या एका गोष्टीवर. ती गोष्ट हळूहळू सुटत होती.

सकाळी मिस्तरी आले. मला बघून ते जागच्या जागी थांबले.

"काय मिस्तरी," सुकलाल ओरडला, "तुमनी घोडी ते नवरी व्हई गई!"

"बरी दिसस," मिस्तरी म्हणाले. जवळ आले. दाबपट्टीकडे बोट नेलं आणि मध्येच मागे घेतलं. नुसतं नाक जवळ नेऊन वास घेतला. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. ते दुसऱ्या धर्माचे. शेंदूर लावून झालेली वस्तू आता देव झाली होती. तिच्यावरचा शेंदूर त्यांनी पुसायचा कसा, आणि "पुसा" असं तरी म्हणायचं कसं? आदल्या दिवशीची पानंसुद्धा अजून माझ्या अंगावर होती.

ते आडून बोलले. "भाऊ, आज ऱ्हाऊ द्या. हिले दिनभर उनमा वाळू द्या."

"वाळू द्या? पापड शे का ती?"

सगळे हसले. मिस्तरीसुद्धा थोडं हसले. त्या हसण्याचं मला फार भय वाटलं. माणसं एकमेकांचा मान राखायला असं हसतात, आणि मग जे बोलायचं ते पोटातच राहतं.

चैत्या कमरेला तार बांधून घेत होता. गजराबाईनं त्याच्यापुढे भाकर धरली. "आरे, पहिले खाई ले. मंग मर जठे मरनं शे तठे."

"मरसू ते भूत व्हईसन तुन्ही भाकर खावाले येसू," तो म्हणाला. अर्धी भाकर तोंडात, अर्धी कमरेच्या फडक्यात खोचून तो काठावरून उतरला. आधी डोकं दिसत होतं. मग केस. मग काही नाही.

रीळ फिरू लागलं. मिस्तरी दाबपट्टीवर होते. सुरुवातीला सगळं बरं होतं, कारण सुरुवातीला खाली तार थोडी होती. पण जितकी तार खाली जाते तितकं तिचं वजन वाढतं, आणि ते वजनच पुढची तार ओढतं. एक हिसका आला. सोडा. पुन्हा एक. सोडा. पट्टीखालचं तेल घासून गरम झालं आणि तळण्यासारखा वास सुटला. मिस्तरींनी जोर वाढवला. रीळ त्याच वेगानं फिरत राहिलं, जसं काही त्यांचा हात तिथे नव्हताच.

मग दोन हिसके आले.

थांबा.

मिस्तरींनी सगळं अंग पट्टीवर टाकलं. रीळ थांबलं नाही. खाली चैत्या थांबला होता, कुठल्या तरी कपारीला बोटं रुतवून, आणि वरून न मागितलेली तार त्याच्यावर उतरत होती. वेटोळ्यामागून वेटोळं, सगळ्याचं वजन त्याच्या एका कमरेला. पुन्हा दोन हिसके. आता ते घाईचे होते. त्याच वेळी माझ्या खाचांतून आडव्या पट्ट्या सरकू लागल्या. माझे पाय फाकत होते आणि मी काठाकडे जात होते.

मिस्तरींचा एक हात पट्टीवर होता आणि दुसरा त्या शेंदरावर येऊन येऊन मागे जात होता. चुलीपाशी उभ्या गजराबाईला ते दिसलं.

"मिस्तरी, हात काबर मांगे लेतस तुम्ही?"

"बाई, शेंदूरमा तेल शे. पट्टी धरत नही." त्यांचा आवाज फाटला. "पन तो देव शे तुमना. मी कसा खरवडू?"

कोणीतरी मागून म्हणालं, "हात नका लावा, कोप व्हई!"

गजराबाई धावत आली तेव्हा तिच्या हातात उलथनं होतं. "देव तेवढा धाकला नही शे! खाले मानूस टांगेल शे!"

सुकलालनं खांद्यावरची घोंगडी हातांना गुंडाळून फिरतं रीळ कवटाळलं. घोंगडी जळल्याचा वास आला, मग दुसऱ्याच कशाचा तरी. भिला नावाचा गडी आणि आणखी दोघं माझ्या पायांवर आडवे पडले. मिस्तरींनी दाबपट्टी उपसून काढली आणि गजराबाईपुढे धरली. ती देव देव म्हणत होती आणि खरवडत होती. आदल्या दिवशी ज्या बोटांनी भरला त्याच बोटांनी तिनं खाचांतला शेंदूर उकरला. मग तव्याखालची राख ओंजळीनं आणून रिळाच्या कडेवर, पट्टीवर, माझ्या सांध्यांत, सगळीकडे फेकली. राखेत निखारे होते. पट्टी पुन्हा बसली.

कर्र्र आवाज झाला. बाभळीनं धरलं. रीळ थांबलं.

आता सगळे थांबले होते, आणि तार नुसती लोंबत होती. तिच्यावर काहीच येत नव्हतं. ना एक हिसका, ना दोन. सुकलालनं तारेवर तळहात ठेवला. त्याला कातडी उरली नव्हती, तरी ठेवला. मिस्तरींचे ओठ हलत होते. गजराबाई काठापाशी पालथी पडून खाली बघत होती. खालून वारा येत होता, आणि गिधाडं अजून तिथेच फिरत होती.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग तार थरथरली. आधी वाटलं वाराच. पुन्हा थरथरली. आणि एक हिसका आला, अगदी बारीक, आजारी पोरानं पदर ओढावा तसा.

त्या दिवशी ती तार दरीपार गेली. चैत्या ऊन कलताना परतला. कमरेभोवती तारेनं कापलेला लाल पट्टा होता, आणि कपाळ फुटलं होतं. तो गजराबाईपुढे येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, अर्धी भाकर खाले पडनी. दुसरी दे." तिनं त्याला उलथनं उगारलं आणि मग रडायला लागली.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला हसत हसत सांगितली असती.

पण आठवडाभरात टोळीत हिवताप शिरला. डोंगरात त्या दिवसांत तो येतोच. गवत वाळेपर्यंत डास असतात. पण भिला तापानं बरळू लागला तेव्हा कुणीतरी म्हणालं, शेंदूर खरवडला ना. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं पडले आणि ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं. भिला गेला. त्याच संध्याकाळी गजराबाईनं केलेल्या भाकरी टोपलीत तशाच राहिल्या. कोणी तिला शिवी दिली नाही, कोणी हात धरून काढलं नाही. नुसतं कोणी जेवलं नाही.

सुकलाल आपल्या बांधलेल्या हातांकडे बघत बसला. मिस्तरी बोलायला म्हणून उठले आणि पुन्हा बसले. त्यांना वाटलं असेल, आपण बोललो तर तिचंच आणखी वाईट होईल. सकाळी तिनं गाठोडं बांधलं. चैत्या तिला पायथ्यापर्यंत पोचवायला गेला. घाटाच्या वळणावर तिनं एकदा मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं असं मला वाटतं, आणि कोपरापासून हात जोडले.

नंतर नंदुरबारला मला नवी दाबपट्टी बसवताना मिस्तरींनी हे सगळं नईमाबीला सांगितलं. ती म्हणाली, "पहलेच बोल देते तो?" रंधा फिरत राहिला. त्यानंतर त्यांनी रेहली पुष्कळ केल्या, पण घोडी दुसरी केली नाही.

तार धडगावला पोचली. हार घातले गेले, भाषण झालं, एका साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या हाताला राख लागली. पुढे काही वर्षं तुटलेली तार जोडायला मी इकडे तिकडे हिंडले. मग मला या पडवीत आणून टाकलं. शेळ्या माझ्यावर चढल्या, पाऊस गळला, एक फळी तडकली. मिस्तरी वारल्याचं मी इथेच ऐकलं. चैत्या कधी धडगावच्या बाजाराला आला की पडवीत डोकावायचा, माझ्या सांध्यांवर बोट फिरवायचा आणि बोट नाकाशी नेऊन बघायचा. दोन वर्षं झाली, तो आलेला नाही.

हे सगळं आज का सांगते आहे? काल सकाळी मला पडवीतून बाहेर काढलं, ते तुम्ही बघितलंच. मोठ्या दरीवरची तार तुटली आहे. नवीन मुकादम आहे, नवीन माणसं आहेत; माझ्यासारखी दुसरी घोडी नाही म्हणून मलाच नेणार. त्यांच्यातलं कोणीही त्या दरीत कधी उतरलेलं नाही. आणि आज दसरा आहे. मघाशी तुमच्या आयांपैकी एक जण माझ्याजवळ उभी राहून म्हणाली, "किती वर्षांची जुनी आहे बिचारी. हिची चांगली पूजा करू." तिच्या हातात वाटी होती. चेहरा अगदी मायेचा होता.

मित्रांनो, माझं तोंड फक्त तुमच्यापुढे उघडतं. मोठ्यांना माझी नुसती करकर ऐकू येते. म्हणून तुम्ही जा आणि सांगा. फुलं घाला म्हणावं. शेंदूर लावायचाच असेल तर माझ्या वरच्या टोकांना लावा, नुसता बोटभर, तेलाशिवाय. खाचांत नको. दाबपट्टीला तर मुळीच नको. ज्याला धरून ठेवायचं आहे त्याला कोरडंच राहू द्या. आणि कोणी आधीच माखून ठेवलं असेल, तर मान राखायला हसत उभे राहू नका. पुसायला सांगा. पुसणाऱ्या बाईच्या हातची भाकर खा.

उद्या उजाडताच मला घाटात नेतील. कमरेला तार बांधून कोण उतरणार हे अजून ठरलेलं नाही. ज्यांची नावं घेतली जात आहेत, ते सगळे तुमचेच बाप आहेत.